माफ करण्याचा हक्क कुणाचा?

ख्वाजा बंदानवाजांचा उरूस जिल्काद महिन्याच्या मध्यावर भरतो. सोलापूर, उस्मानाबाद, लातूर या पट्ट्यातल्या मुस्लिम घरांतून त्या दिवसांत कुणी ना कुणी गुलबर्ग्याला निघतेच. रेल्वेला जागा मिळत नाही, एसटीला गर्दी असते. मग भावकीतल्या कुणाची तरी गाडी काढली जाते, डिझेलचे पैसे वाटून घेतले जातात आणि सहा जणांच्या गाडीत नऊ जण बसतात. अक्कलकोट मागे पडते, वागदरी जाते आणि थोड्याच वेळात दुकानांच्या पाट्या कन्नड होतात. गाडीतल्या कुणालाही आपण परराज्यात आलो असे वाटत नाही. आळंदला लाडले मशायकांची जियारत करायची आणि पुढे जायचे. आमच्या आजीच्या आजीपासूनचा हा रस्ता आहे.

२०२४ च्या उरुसात याच रस्त्यावर माझ्या खालाचा अपघात झाला. गाडी तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलाची होती आणि तोच चालवत होता. रात्रीची वेळ. समोर कडब्याने भरलेली ट्रॉली बंद पडून रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. गाडी तिच्यावर आदळली. अल्लाहच्या कृपेने जीव कुणाचा गेला नाही, पण खालाचे उजवे मनगट चुरले आणि मांडीचे हाड मोडले. जवळच्या दवाखान्यात पट्ट्या बांधून पहाटे तिला सोलापूरला आणले. मनगटात प्लेट, मांडीत रॉड. खर्च दोन लाखांच्या पुढे गेला. तिच्या बांगड्या सोनाराकडे गेल्या, त्या अजून सुटलेल्या नाहीत.

दीड महिन्याने घरात बैठक बसली. दोन्हीकडचे वडीलधारे, मोहल्ल्यातले दोन जाणते आणि मी. भाच्याच्या डोक्यावर पोलीस केसची टांगती तलवार होती. त्याची आई रडत होती. ठरले ते असे: भाच्याने तीस हजार द्यायचे, खालाने पुढे कुठेही दावा करायचा नाही, मामला खतम. शंभराच्या स्टॅम्पवर लिहायचे होते. घरात त्यातल्या त्यात चांगले मराठी लिहिणारा मी. तो कागद माझ्या हाताने लिहिला गेला. आतल्या खोलीत खालाकडे नेऊन डाव्या हाताचा अंगठा घेतला, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये होता. ती बाई सहीपुरते वाचायला-लिहायला शिकलेली आहे. तरी अंगठा.

पुढे वर्षभराने बोलता बोलता ती म्हणाली, "सब बैठे, सब बोले. मेरेकू कोई पुच्छाच नइं." मला कुणी विचारलेच नाही. त्या वाक्यानंतर मी या विषयाचे कागद वाचायला लागलो. आधी वाचायला हवे होते.

परराज्यात झाले म्हणून काय?

बैठकीत सर्वांत जास्त वेळा उच्चारले गेलेले वाक्य होते, "आता त्या कर्नाटकात कोण हेलपाटे घालणार?" तारखा गुलबर्ग्याला, कागद कन्नडमध्ये, वकील अनोळखी. मोडक्या पायाची बाई तिकडे जाणार कशी? या एका भीतीने निम्मा निकाल लावून टाकला होता, आणि ती भीतीच चुकीची होती.

मोटार वाहन कायद्याचे कलम १६६ सांगते की जखमी माणूस आपला दावा तीन ठिकाणी दाखल करू शकतो. अपघात जिथे झाला तिथल्या न्यायाधिकरणात, तो स्वतः जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या न्यायाधिकरणात, किंवा ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो राहतो तिथे. निवड जखमीची. म्हणजे अपघात आळंदच्या रस्त्यावर झाला तरी खालाचा दावा सोलापूरच्या कोर्टात चालू शकतो. ही सोय १९९४ च्या दुरुस्तीपासून आहे. तीस वर्षे जुनी गोष्ट आमच्या बैठकीतल्या एकालाही ठाऊक नव्हती.

अडचण राहते ती कागदांची. एफआयआर, पंचनामा, जबाब हे सारे कन्नडमध्ये असते आणि त्याचे भाषांतर करून घ्यावे लागते. सोलापुरात कन्नड जाणणाऱ्यांची वाण नाही, शेजारच्या गल्लीत विचारले तरी माणूस सापडतो. तेवढ्यासाठी हक्क सोडायचे कारण नव्हते.

दुसरी गफलत फौजदारी केस आणि भरपाईचा दावा यांची. बैठकीत सर्वांचा समज असा होता की खालाने पैसे मागितले की भाचा तुरुंगात जाईल. या दोन वेगळ्या गाडीवाटा आहेत. बेदरकार गाडी चालवल्याची केस सरकार चालवते, ती खालाने दावा न केल्याने थांबत नाही. भरपाईचा दावा दिवाणी स्वरूपाचा, त्यात कुणाला शिक्षा होत नाही. आम्ही भाच्याला वाचवतोय असे समजून जे केले, त्याने भाच्याची केस एक दिवसानेही कमी झाली नाही.

पैसे कुणाच्या खिशातून?

तिसरी आणि सर्वांत महाग पडलेली चूक ही की पैसे भाच्याच्या खिशातून जाणार असे आम्ही गृहीत धरले. पोरगा रिक्षाचे सुटे भाग विकतो, देणार कुठून? म्हणून तीस हजारांवर तोडले. त्याच्या गाडीची पॉलिसी कुणी बाहेर काढून पाहिली नाही. ती गाडीतच, डॅशबोर्डच्या खणात होती.

इथे थोडे नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढच्या उरुसाला पुन्हा गाड्या निघणार आहेत.

रस्त्यावर येणाऱ्या वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो रस्त्यावरच्या माणसासाठी, समोरच्या गाडीतल्यांसाठी. खासगी गाडीच्या आत फुकट बसलेले पाहुणे, नातेवाईक निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाहीत, असे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. मालकाने जास्तीचा हप्ता भरून पॅकेज पॉलिसी, म्हणजे आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो ती घेतली असेल, तर आत बसलेले येतात. विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना हे बजावले आहे. भाच्याची गाडी कर्जावर घेतलेली, त्यामुळे पॉलिसी फुल होती. म्हणजे खालाची भरपाई द्यायची जबाबदारी विमा कंपनीवर येत होती आणि भाच्याचे तीस हजारही वाचत होते. तो हप्ता दरवर्षी भरत होता तो याच दिवसासाठी.

शिवाय ट्रॉली. बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यात सोडणाऱ्याचीही चूक होती. दोन वाहनांच्या चुकीतून तिसरा माणूस जखमी होतो तेव्हा त्याने कुणाची चूक किती टक्के याचा हिशेब मांडत बसायचे नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात स्पष्ट केले आहे की असा जखमी दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, ते दोघे आपसात काय वाटून घ्यायचे ते घेतील. मागच्या सीटवर तसबीह ओढत बसलेल्या बाईची चूक शून्य होती आणि कायदा ती शून्यच धरतो.

आता ज्या गोष्टीत आपल्याकडच्या गाड्या हमखास अडकतात ती. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी किलोमीटरप्रमाणे भाड्याने देणे. उरुसाच्या, लग्नाच्या हंगामात हे सर्रास चालते. घरच्यांनी डिझेल वाटून घेणे वेगळे आणि खासगी गाडी भाड्याने फिरवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात पॉलिसीची अट मोडते आणि कंपनीला नकार द्यायला पहिले कारण मिळते. पिवळ्या प्लेटची गाडी हजार-दोन हजारांनी महाग पडते, पण तिच्यात बसलेला प्रवासी विम्यात असतो. परराज्यात जाताना तिचा परमिट आणि कर भरलेला आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

आणि ड्रायव्हर बदलण्याचा उद्योग. गाडी चालवत होता एक, परवाना नाही म्हणून पोलिसांपुढे उभा केला दुसरा. आपल्याकडे याला हुशारी म्हणतात. कायद्याच्या आणि दीनच्याही नजरेत ती खोटी साक्ष आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त नुकसान जखमीचे होते, कारण एकदा खोटे उघडे पडले की खऱ्या जखमेवरही शंका घेतली जाते. त्याची गरजही नसते. ड्रायव्हरच्या परवान्यात खोट निघाली तरी कंपनीने आधी तिऱ्हाईत जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालये देतात. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून ही वाट रूढ झाली आहे.

तिच्या हाताची किंमत

खाला विड्या वळते. लग्नाआधीपासून वळते. दिवसाला सातशे-आठशे विड्या, त्यातून पोरींची लग्ने झाली. बैठकीत एकजण म्हणाला, "तिला काय पगार थोडाच आहे?" कुणी खोडले नाही.

तिच्याकडे कारखान्याचे कार्ड आहे, पीएफ कापला जातो. म्हणजे कमाईचा पुरावा होता. तो नसता तरी न्यायाधिकरण कमाई शून्य धरत नाही. २०२१ च्या कीर्ती निकालात सर्वोच्च न्यायालयाने घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचेही मोल ठरवावे लागेल असे सांगितले आहे. आणि अपंगत्व मोजताना शरीराचे किती टक्के गेले एवढेच पाहायचे नसते, कमावण्याची ताकद किती गेली ते पाहायचे असते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात हे तत्त्व विस्ताराने आले आहे. मनगट न वळणाऱ्या मास्तरला फळ्यावर लिहायला त्रास होईल, पण नोकरी राहील. विडी वळणाऱ्या बाईचे मनगट वळेनासे झाले की धंदाच संपला. दाखल्यावर दोघांचे टक्के सारखे असू शकतात, नुकसान सारखे नाही. आमच्या स्टॅम्पपेपरवर यातले काहीच नव्हते. दवाखान्याचे बिलसुद्धा पुरते नव्हते.

सब्र कुणी करायचा?

बैठकीचा शेवट करताना मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "अल्लाह की मर्जी. सब्र करो, माफ करो." सगळ्यांनी माना हलवल्या, मीसुद्धा. याच वाक्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे.

माफी ही मोठी गोष्ट आहे, कुरआनने तिची शिफारस केली आहे. पण कशी? सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येबद्दल सांगितले आहे. चूक होती, हेतू नव्हता, तरी मृताच्या घरच्यांना दियत द्यायची आहे, आणि ती सोडून देण्याचा अधिकार त्या घरच्यांना आहे. हेतू नव्हता म्हणून देणे टळत नाही, आणि माफ करायचे ते ज्याचे नुकसान झाले त्याने. मोहल्ल्याने नाही, जमातीने नाही, मारणाऱ्याच्या आईने नाही. जखमांसाठी फिकहमध्ये अर्श आहे. कोणत्या अवयवाच्या इजेला किती भरपाई याचा बारीक हिशेब जुन्या फकीहांनी मांडला आहे. 'होना था सो हुआ' म्हणून त्यांनी प्रकरण बंद केले नव्हते.

आणि 'कोण भरणार' या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर तर फार विचार करण्यासारखे आहे. चुकून झालेल्या हत्येची दियत एकट्या माणसावर लादली जात नव्हती. ती त्याची आकिला भरायची, म्हणजे त्याचा कबिला, त्याचे पाठीराखे. तीन वर्षांत, थोडी थोडी. चूक एकाची, पण भार अनेकांत वाटायचा, म्हणजे चुकणारा उद्ध्वस्त होत नाही आणि जखमी उपाशी राहत नाही. हजरत उमरच्या काळात सैनिकांच्या नोंदवह्या, दिवान सुरू झाले, तेव्हा एका दिवानातले लोक एकमेकांची आकिला ठरले. हनफी फकीहांनी हाच धागा पुढे नेला. नाते रक्ताचेच हवे असे त्यांनी धरले नाही, एकमेकांचा आधार कोण हे पाहिले.

आज कबिला राहिला नाही. आमच्या भावकीने भाच्यासाठी बैठक भरवली, पण वर्गणी काढली नाही. आकिलेचा पहिला अर्धा भाग, म्हणजे पाठीशी उभे राहणे, आम्ही घेतला. दुसरा अर्धा, म्हणजे पैसे भरणे, सोडून दिला. त्या रिकाम्या जागी आज कायद्याने थर्ड पार्टी विमा उभा केला आहे. हजारो मालक हप्ता भरतात, त्यातून एका जखमीला मिळते. विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, व्याज आणि अनिश्चिततेचे आक्षेप आहेत, ते मी हलक्यात काढत नाही. पण जखमी माणसाने तो करार केलेलाच नसतो. त्याला मिळते ती झालेल्या नुकसानीची भरपाई. ती मागणाऱ्या बाईला 'विम्याचा पैसा खाणार का?' असे विचारणाऱ्यांनी तिच्या बांगड्या सोडवून आणाव्यात, मग विचारावे.

हे फक्त आपल्यात होते असेही नाही. त्याच रस्त्याने गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला गाड्या जातात, त्यांचेही अपघात होतात, त्यांच्याही बैठका बसतात. तिथे देवाची इच्छा म्हणतात, इथे अल्लाहची मर्जी. मागच्या सीटवरची बाई दोन्हीकडे आतल्या खोलीत असते.

पुढच्या वेळी

अपघात झाला तर ११२ ला फोन करून नोंद करा, मिटवण्याची घाई नको. ५ मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्याला, तो कुठल्याही राज्याचा असो, योजनेतल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखांपर्यंतचा उपचार पैसे न भरता मिळायला हवा. खालाच्या वेळी ती नव्हती. आता आहे, तर मागून घ्या.

दवाखान्यात अपघाताची केस म्हणून, म्हणजे एमएलसी नोंद झाली का ते पाहा. 'पाय घसरून पडली' असे लिहू देऊ नका. एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय राज्याची हद्द ओलांडू नका. दोन्ही वाहनांचे नंबर, पॉलिसी, आरसी आणि परवान्याचे फोटो काढून ठेवा. नंबर हातात असेल तर विमा कुठल्या कंपनीचा ते परिवहन खात्याच्या अॅपवर सापडते. बिले मूळ ठेवा. नियमाप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो, त्याची विचारणा करा.

ठोकून पळालेले वाहन सापडलेच नाही, तर सरकारी निधीतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर जखमेसाठी ५० हजार मिळतात. चूक कुणाची हे सिद्ध करण्याच्या फंदात न पडता दावा करायचा असेल, तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख ठरलेले आहेत. मात्र हा मार्ग धरला की १६६ चा सोडावा लागतो, म्हणून आधी वकिलाशी बोला. दवाखान्याच्या दारात टक्केवारी सांगत उभ्या असलेल्या एजंटाशी नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रत्येक बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील देते.

आणि मुदत. १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांत करायची अट आली आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नका. आमची बैठक, रुसवेफुगवे आणि माझे उशिराचे शहाणपण यांत हे सहा महिने केव्हाच निघून गेले.

खालाचा दावा आता सोलापुरात दाखल झाला आहे. मुदतीचा प्रश्न उभा आहे आणि विमा कंपनीच्या वकिलाने पहिल्याच तारखेला माझ्या अक्षरातला तो स्टॅम्पपेपर पुढे केला. तो कुणी लिहिला, अंगठा कसा घेतला, हे सांगायला मला साक्षीला उभे राहावे लागणार आहे. मी राहणार आहे.

भाचा येतो तिच्याकडे. त्यानेच पॉलिसीची प्रत आणून दिली. त्याच्यावर राग आहे का असे मी तिला विचारले. "उसकू तो मैं उसीच दिन माफ करी थी," ती म्हणाली. त्याला तर मी त्याच दिवशी माफ केले होते. मग माझ्याकडे बघून हसली आणि पुढे काही बोलली नाही.